आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : नवा पार्ट पुन्हा पुन्हा का जातो?

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : "साहेब, पार्ट कंपनीचा टाकलाय, आता बघायला नको." पुढचे काही महिने खरंच बघावं लागत नाही. मग एके दिवशी तोच आवाज, तीच गाडी आणि तोच पार्ट. ये रे माझ्या मागल्या! मालक म्हणतो, मिस्त्रीने नीट बसवला नाही. मिस्त्री म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट विकणारा म्हणतो, मालकाने गाडी रगडली. तिघांच्याही म्हणण्यात थोडंफार तथ्य असू शकतं. पण चौथी शक्यता कुणाच्याच तोंडी येत नाही : पार्ट चांगलाच होता, बसवलाही नीट होता, पण ज्या जागी तो बसला ती जागाच त्याला जगू देत नव्हती.

या चौथ्या शक्यतेचा आढावा घ्यायचा तर स्पोर्ट्स कारकडे जावं. साध्या मोटारीचं इंजिन स्वतःच्या ताकदीच्या बरंच आत चालतं, त्यामुळे लहानसहान चुका पोटात घालतं. स्पोर्ट्स कारचं इंजिन काठावर चालतं : फेरे जास्त, उष्णता जास्त, फटी कमी. तिथे चूक लवकर उघडी पडते. शिवाय या गाड्यांचे मालक हौशी असतात. फुटलेला पार्ट ते भंगारात टाकत नाहीत; कापून बघतात, मायक्रोमीटरने मोजतात, प्रसंगी कोर्टात नेतात. म्हणून गेल्या साठ वर्षांतली काही नामांकित इंजिनं आणि त्यांतले वारंवार गेलेले पार्ट आपल्याला शवविच्छेदनाच्या अहवालासारखे वाचता येतात.

सीलबंद बेअरिंग

सर्वांत गाजलेलं प्रकरण पोर्शेचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही जर्मन कंपनी बुडण्याच्या बेतात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, जपानी सल्लागार बोलावले आणि कारखान्यातली उधळपट्टी मोडून काढली. त्या काटकसरीच्या काळात दोन गाड्या एकमेकींचे भाग वाटून घेत जन्मल्या : १९९६मध्ये आलेली बॉक्स्टर आणि १९९७मध्ये आलेली ९९६ पिढीची ९११. दोघींत एम-९६ नावाचं, पाण्याने थंड होणारं, सहा सिलिंडरचं आडवं इंजिन होतं. तोवरची प्रत्येक ९११ हवेने थंड होत असे, त्यामुळे हा मोठा बदल होता. मात्र भानगड पाण्यात नव्हती. ती इंजिनाच्या पोटातल्या एका बेअरिंगमध्ये होती.

या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे चेनच्याच साह्याने कॅमशाफ्ट फिरवतो. ऑइल पंपही त्याच्याच जोरावर चालतो. या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक एका बॉल बेअरिंगवर तोललेलं आहे. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या ९११मध्येही मधला शाफ्ट होता, पण तो साध्या बुश बेअरिंगवर फिरायचा आणि त्याला पंपाचं ताजं ऑइल दाबाने मिळायचं. तीन दशकं त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एम-९६मध्ये तिथे आलं सीलबंद, आतून ग्रीस भरलेलं बॉल बेअरिंग. अशी बेअरिंग पंख्यात, मोटारीत, पाण्याच्या पंपात वर्षानुवर्षं मुकाट चालतात. वाईट पार्ट नव्हे तो.

पण जागा बघा. बेअरिंग इंजिनाच्या तळाशी, तापलेल्या ऑइलच्या सान्निध्यात आहे. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. प्रत्येक फेऱ्यात सीलच्या ओठातून थोडं ऑइल आत झिरपतं आणि ग्रीस पातळ करून धुऊन नेतं. आत उरतं ते शिळं, काळं ऑइल, ज्यात जळाल्याचे आम्ल अंश आणि ओलावा असतो. बाहेरचं ऑइल आपण बदलतो; सीलच्या आतलं तसंच राहतं. जे सील बेअरिंगला वाचवायला बसवलं, तेच त्याला ताज्या वंगणापासून तोडतं. गोळ्या झिजतात, पिंजरा तुटतो, शाफ्ट हेलकावे खाऊ लागतो, चेनचं टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. काही सेकंदांत इंजिनाचा निकाल लागतो. पुष्कळदा आधी सूचनाही मिळत नाही.

सुरुवातीच्या इंजिनांत दोन ओळींचं बेअरिंग होतं. २०००च्या आसपास त्याच्या जागी एका ओळीचं, कमी भार पेलणारं बेअरिंग आलं आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेत सामूहिक खटला उभा राहिला. त्या खटल्यातून पुढे आलेले आणि आजही सांगितले जाणारे आकडे असे : दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचं प्रमाण एक टक्क्याच्या आत, एका ओळीच्या बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के. २०१३मध्ये तडजोड झाली. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात तयार झालेल्या गाड्या तिच्यात धरल्या आणि मर्यादा ठरली दहा वर्षं किंवा १ लाख ३० हजार मैल. तोवर २००१च्या गाड्यांची दहा वर्षं उलटूनही गेली होती.

औषधाचाही उतारा

आता आपल्या विषयाचा गाभा. पहिलं बेअरिंग गेलं, हा झाला मूळ दोष. नवं घातलेलं का गेलं?

कंपनी हे बेअरिंग सुटं विकतच नव्हती. अधिकृत वाट होती इंजिन उघडून अख्खा शाफ्ट बदलण्याची, नाहीतर सरळ दुसरं इंजिन घेण्याची. दुसऱ्या इंजिनात त्या काळात जे बेअरिंग बसत असेल तेच यायचं. म्हणजे मालकाने इंजिनाची किंमत मोजून तोच पार्ट, त्याच जागी, तशाच शिळ्या ऑइलच्या सोबतीला परत आणून ठेवलेला असायचा. आमच्याकडे याला म्हण आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग बाहेरचे कारागीर मैदानात उतरले. २००८च्या सुमारास अमेरिकेत सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग बाजारात आलं. त्याच्या गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या, रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) पोलादाची. आणि महत्त्वाचं म्हणजे एक सील काढलेलं, जेणेकरून इंजिनातलं ऑइल आत-बाहेर खेळत राहील. कुणी साध्या पोलादी बेअरिंगचा संच विकला, कुणी दंडगोल रोलरचं बेअरिंग आणलं. रोलर जास्त भार पेलतो हे खरं, पण शाफ्टचा आडवा धक्का तो कितपत सोसेल यावर कारागिरांत अजून वाद आहे. पुढे बुश बेअरिंगला दाबाने ऑइल पुरवणारा संचही निघाला. थोडक्यात, एवढी यातायात करून कारागीर तिथेच पोहोचले जिथून पोर्शे स्वतः निघाली होती : जुन्या ९११च्या साध्या बुशपाशी.

या सुधारित बेअरिंगांपैकीही काही गेली. त्याची कारणं समजून घ्यायला मिस्त्रीच्या खांद्यावरून डोकवावं लागेल. गिअरबॉक्स उतरवला, क्लच आणि फ्लायव्हील काढलं की इंजिनाच्या पाठीवर तीन बोल्टांचं एक लहान झाकण दिसतं. ताटलीतल्या वाटीएवढं. त्यामागे ते बेअरिंग. झाकण काढण्याआधी क्रँक ठरलेल्या खुणेवर अडकवायचा, कॅमशाफ्ट धरून ठेवायचे आणि चेनचे टेन्शनर सैल करायचे. टेन्शनर तसेच ठेवून झाकण काढलं तर चेनच्या ओढीने शाफ्ट एका बाजूला कलतो, चेन एखादा दात सरकू शकते, आणि नवं बेअरिंग त्या तिरप्या शाफ्टवर ठोकून बसवलं की पहिल्याच दिवशी त्याच्या रेसवर घाव पडतो. तो घाव दिसत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ऐकू येतो.

दुसरं कारण अधिक साधं. जुनं बेअरिंग फुटायला लागलेलं असताना घाईने नवं घातलं, पण तोवर पोलादाची चूर ऑइलबरोबर इंजिनभर फिरलेली होती. नव्या बेअरिंगला पहिल्या मिनिटापासून तीच चूर चघळावी लागली. म्हणून जाणते कारागीर आधी ऑइल फिल्टर कापतात, कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरतात आणि चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटतात का ते बघतात. कण सापडले तर नवं बेअरिंग घालायला ते सरळ नकार देतात. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा मिस्त्री ही दुर्मीळ गोष्ट, पण इथे तोच खरा.

तिसरं म्हणजे, बॉल बेअरिंगचे अनेक सुधारित संच ठरावीक अंतराने पुन्हा बदलायचे असतात. हे विकणारे लपवत नाहीत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला मात्र ते कुणी सांगत नाही. "बेअरिंगचं काम झालेलं आहे" या जाहिरातीतल्या ओळीला तारखेविना काडीचा अर्थ नाही.

२००६ ते २००८च्या इंजिनांत पोर्शेने आणखी मोठं बेअरिंग घातलं. ते कमी फुटतं, पण इंजिनाच्या खोक्याच्या भोकातून बाहेर येत नाही; बदलायचं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. शेवटी २००९च्या मॉडेलांपासून नवं इंजिन आलं आणि त्यात मधला शाफ्टच नाही. कंपनीचा अंतिम उपाय हाच होता : दुखणारा पार्ट सुधारण्याऐवजी त्याची गरजच काढून टाकायची. याच काळात ९११ टर्बो आणि जीटी-३ या महागड्या भावंडांत हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतलं वेगळं इंजिन होतं. त्यात मधल्या शाफ्टला दाबाचं ऑइल मिळत होतं, आणि तिथे हे दुखणं नव्हतं. उपाय घरातच होता.

केसापेक्षा बारीक फट

दुसरं प्रकरण बीएमडब्ल्यूच्या एम विभागाचं, आणि इथे कारण जागेचं नसून मोजमापाचं आहे.

कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो तिथे पातळ धातूची दोन अर्धगोल कवचं असतात. गॅरेजच्या भाषेत बिग एंड बेअरिंग. हे बेअरिंग क्रँकला टेकतच नाही, निदान टेकू नये. दोघांमध्ये ऑइलचा पापुद्रा असतो आणि त्यावर क्रँक तरंगतो. पापुद्र्याला जागा किती द्यायची याचा इंजिन बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे : जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या त्या गोल भागाच्या, प्रत्येक इंच व्यासामागे एक हजारांश इंच.

२००७मध्ये आलेल्या एम-३मध्ये ४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं, मिनिटाला ८,४०० फेरे मारणारं. त्याच्या क्रँकचं जर्नल सुमारे ५२ मिलिमीटरचं. ठोकताळ्याप्रमाणे फट ०.०५ मिलिमीटरच्या आसपास हवी. इंजिनं उघडणाऱ्यांनी मोजली तेव्हा ती त्याहून बरीच कमी, ०.०३च्या घरात भरली. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मीसुद्धा नाही. त्यात ऑइल १०डब्ल्यू-६०, म्हणजे थंड असताना बऱ्यापैकी घट्ट. सकाळी गाडी चालू केली आणि ऑइल तापायच्या आत पाय दाबला की अरुंद फटीत जाड ऑइल वेळेवर पोहोचत नाही, कवच घासतं. एकदा घासलं की त्यावरचा मऊ थर जातो आणि पुढची झीज वेगाने होते.

मालकांनी कवचं बदलली. कारखान्याची नवी कवचं मूळ मापाचीच होती, त्यामुळे फटही मूळचीच राहिली. पुढे कारखान्याने कवचांचा धातू बदलून शिसं काढलं, आणि नवा थर अधिक कठीण झाला. कठीण थर उशिरा झिजतो हे खरं, पण मऊ थर बारीक कचरा स्वतःत रुतवून घ्यायचा, ती सोय गेली. मग बाहेरच्या कंपन्यांनी मुद्दाम अधिक फट देणारी कवचं काढली. आज या इंजिनांचे जाणकार मालक ही कवचं क्लच प्लेटसारखी, ठरावीक धावेनंतर बदलायचीच वस्तू मानतात. त्यावर टीकाही आहे : जे इंजिन आणखी लाखभर किलोमीटर चाललं असतं ते भीतीपोटी उघडलं जातं, आणि उघडताना नवी चूक होते ती निराळीच. या व्ही-८साठी कंपनीने सरसकट मोहीम काढली नाही. त्याआधीच्या सहा सिलिंडरच्या एम-३मध्ये मात्र असाच त्रास झाल्यावर कवचं बदलण्याची मोहीम काढून हमी वाढवली होती. सारखाच आजार, पण एका भावाला दवाखाना मिळाला, दुसऱ्याला सल्ला.

इंजिनामागून इंजिन

पार्टऐवजी अख्खं इंजिनच बदललं तरी सुटका नाही, याचं उदाहरण पुन्हा पोर्शेकडेच सापडतं. २०१३मध्ये ९९१ पिढीची जीटी-३ आली : ३.८ लिटर, ४७५ अश्वशक्ती, मिनिटाला ९,००० फेरे. २०१४च्या सुरुवातीला युरोपात दोन गाड्यांची इंजिनं फुटून पेटली. कंपनीने जगभरातल्या सर्व ७८५ मालकांना गाडी जागेवर उभी करायला सांगितलं. तपासात कारण निघालं कनेक्टिंग रॉडचा सैल होणारा बोल्ट. कंपनीने बोल्ट बदलत बसण्याऐवजी प्रत्येक गाडीचं इंजिनच बदलून दिलं. तोंडभरून कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

पण थोड्या वर्षांत त्याच गाड्या दुसऱ्या तक्रारीने परत आल्या. या इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बोटाएवढी एक लहान पट्टी असते, फिंगर फॉलोअर. ९,००० फेऱ्यांना कॅम तिच्यावर सेकंदाला ७५ वेळा घासून जातो. ज्यांच्यात तो घासणारा पृष्ठभाग टिकला नाही, त्यांची पट्टी झिजली, मग कॅमचा उंचवटा झिजला आणि वरच्या फेऱ्यांत इंजिन मिसफायर करू लागलं. कंपनीने पुन्हा इंजिनं बदलली. काही मालकांना एकाहून अधिक वेळा. सुधारित इंजिनांच्या आवृत्त्या अक्षरांनी ओळखल्या जाऊ लागल्या आणि गाडी विकताना "कितवं अक्षर?" हा पहिला प्रश्न झाला. शेवटी या इंजिनाची हमी १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवण्यात आली. २०१७च्या ४ लिटरच्या पुढच्या इंजिनात व्हॉल्व्हची फट आपोआप साधणारी हायड्रॉलिक व्यवस्था काढून टाकून साधी, कारखान्यात मोजून बसवलेली पातळ चकती आली. पुन्हा तोच धडा : खरी दुरुस्ती पट्टी बदलून झाली नाही, पट्टीवर काम लादणारी मांडणी बदलून झाली.

शेजाऱ्याचं पाप

काही पार्ट स्वतःच्या नव्हे तर शेजाऱ्याच्या दोषाने जातात. वांकेल इंजिनाचं अॅपेक्स सील हे याचं अस्सल उदाहरण. फेलिक्स वांकेल यांचं फिरतं इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत १९५७मध्ये पहिल्यांदा चाललं. १९६४मध्ये त्याची पहिली विक्रीची गाडी, एनएसयू स्पायडर ही छोटी स्पोर्ट्स कार आली. १९६७मध्ये आरओ-८० ही मोठी मोटार. या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना एकेक सील असतं. ते सील रोटरच्या घराच्या आतल्या भिंतीवर सतत घासत जातं. एनएसयूची सीलं झिजली, हमीत इंजिनं बदलावी लागली, बदललेलीही गेली. असं म्हणतात की आरओ-८०चे मालक रस्त्यात भेटले की एकमेकांना बोटं दाखवत. जितकी बोटं तितकी इंजिनं बदलून झाली. हमीच्या खर्चाने कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

जपानमध्ये माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांच्या प्रयोगातल्या इंजिनांच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत; त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील भिंतीवर सरळ घासत नव्हतं, ठरावीक कंपनाने टणाटण उड्या मारत होतं. कार्बनचं सील वापरून त्यांनी ते कंपन मोडलं आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. म्हणजे इथे प्रश्न सीलच्या झिजण्याचा दिसत होता, मूळ होतं त्याच्या थरथरण्यात.

पुढे आरएक्स-७ आणि आरएक्स-८मध्ये सील बरीच सुधारली, पण जुनं दुखणं पूर्ण गेलं नाही. २००४ ते २००८च्या आरएक्स-८साठी माझदाने अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची हमी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. या इंजिनाची फेरबांधणी करणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते : घराची भिंत झिजलेली असेल तर तिच्यावर कितीही महागडं सील बसवा, ते टिकत नाही. ओरखडलेली भिंत नव्या सीलला करवतीसारखी खाते. आणि सीलला लागणारं ऑइल ठिबकवणारी यंत्रणा कमी पडत असेल, तर भिंतही नवी घालून उपयोग नाही. २००९च्या सुधारित आरएक्स-८मध्ये माझदाने ऑइल सोडणाऱ्या तोट्या वाढवल्या, त्या याचसाठी. एरवी हेच सील काय करू शकतं ते १९९१च्या ल माँ शर्यतीत दिसलं : चार रोटरची माझदा ७८७-बी सिरॅमिक सीलं घेऊन सलग २४ तास धावली आणि जिंकली.

फेरारी एफ-३५५चा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हाही असाच मासला. पातळ नळ्या, त्यांवर उष्णता कोंडणारं पत्र्याचं आवरण. नळ्या तापून भेगाळतात. आवरणामुळे भेग बाहेरून दिसत नाही. भेगेतून हवा शिरली की सेन्सर फसतो आणि इंजिनाला चुकीचं मिश्रण मिळतं. महागडा मूळ मॅनिफोल्ड पुन्हा बसवला, की आवरण तेच, उष्णता तीच, आणि काही वर्षांत भेगही तीच. म्हणून पुष्कळ मालकांनी जाड नळीचे, वेगळ्या बनावटीचे मॅनिफोल्ड पसंत केले.

मापात पाप

आणखी एक कारण राहिलं : बनवणाऱ्याच्या हाताचं. २००६ ते २०१३च्या कॉर्व्हेट झी-०६मध्ये ७ लिटरचं एलएस-७ इंजिन होतं. त्याच्या व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या) लवकर झिजत; व्हॉल्व्ह हलू लागे आणि प्रसंगी मान तुटून सिलिंडरमध्ये पडे. जनरल मोटर्सने मान्य केलं की एका पुरवठादाराने तयार केलेल्या काही हेडमध्ये गाईड आणि व्हॉल्व्हची बैठक एका केंद्रात नव्हती. अशा हेडमध्ये नवी गाईड ठोकली आणि बैठक पुन्हा घासून एका रेषेत आणली नाही, तर नवी गाईडही तिरपीच घासणार. लेथवरचा माणूस हे पहिल्या नजरेत सांगेल; बिल करणाऱ्याला ते दिसत नाही.

किती गाड्या? कुणाचं म्हणणं?

या सगळ्या प्रकरणांत एक अडचण समान आहे : आकडे. ज्याचं इंजिन फुटतं तो बोलतो. ज्याचं दोन लाख किलोमीटर चालतं तो गाडी चालवत असतो. सुधारित पार्ट विकणाऱ्याला भीती वाढलेली परवडते, मूळ कंपनीला ती कमी झालेली. या दोघांच्या मधला आकडा बहुधा कोर्टच बाहेर काढतं. पोर्शेच्या बेअरिंगचा ८ टक्क्यांचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. त्यातून दोन्ही गोष्टी कळतात : शंभरातल्या नव्वदहून अधिक गाड्यांना ते दुखणं झालं नाही, आणि तरीही शंभरात आठ ही कुठल्याही इंजिनासाठी लाजिरवाणी संख्या आहे.

दुसरा मतभेद प्रतिबंधक बदलाचा. काही जण म्हणतात, धोका माहीत आहे तर आधीच पार्ट बदला. दुसरे म्हणतात, चालत्या इंजिनाला हात लावू नका, ऑइल लवकर बदला, गाडी नियमित चालवा, तापल्याशिवाय रगडू नका. माझं मत असं : नुसता तोच पार्ट नवा घालणं हा प्रतिबंध नव्हे. कारणावर उपाय होत असेल, म्हणजे वंगणाची वाट, फट किंवा मांडणी बदलत असेल, तर आधी बदलण्यात शहाणपण आहे. नाहीतर मालक फक्त नवीन मुदत विकत घेत असतो.

हिशोब

ही सगळी प्रकरणं एकत्र मांडली की एक क्रम दिसतो. पार्ट एकदा गेला तर तो पार्टचा दोष असू शकतो. दोनदा गेला तर बसवण्याचा किंवा आधीच्या कचऱ्याचा संशय घ्यावा. तिसऱ्यांदा तोच गेला तर शेजारचा भाग, ऑइल आणि मांडणी तपासल्याशिवाय चौथा मागवू नये. पोर्शेने मधला शाफ्ट काढला, माझदाने तोट्या वाढवल्या, जीटी-३ने हायड्रॉलिक सोडलं, एम-३च्या मालकांनी फट वाढवली. या सर्व ठिकाणी दुरुस्ती तेव्हा झाली, जेव्हा कुणीतरी मेलेल्या पार्टकडे आरोपी म्हणून न बघता साक्षीदार म्हणून बघितलं.

हा धडा स्पोर्ट्स कारपुरता नाही. आपल्या साध्या मोटारीचं वॉटर पंपाचं बेअरिंग वर्षात दोनदा जात असेल तर पट्टा जास्त ताणलेला आहे का, पुली वाकडी आहे का, हे आधी बघायला हवं. हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जळत असेल तर हेड सपाट आहे का ते पट्टी ठेवून तपासायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "साहेब, पार्ट नवा टाकलाय," तर दोन गोष्टी मागा. एक, काढलेला जुना पार्ट, पुसून न घेता, जसा निघाला तसा. आणि दुसरी, कापलेला ऑइल फिल्टर. त्या दोन वस्तू बघून तो का गेला हे मिस्त्रीला सांगता येत नसेल, तर नव्या पार्टचे पैसे देण्याची घाई करू नका.